पाय नसलेले पाहुणे

चियातुरात त्या वर्षी रोपवेचे डबे
दरीवर तसेच लटकून होते, रिकामे,
आणि त्सिआलाकाकूला जाऊन चाळीस दिवस झाले होते.

पुरताना आम्ही दोघंच होतो,
जुम्बेरकाका आणि मी.
शिवाय पांढऱ्या पोशाखातली चार माणसं,
त्यांची नावं विचारायची राहिली.

चाळिसाव्याला मात्र पंगत हवीच, काका म्हणाला.
पंगत म्हणजे माणसं.
माणसं म्हणजे झाझा, तो ब्रुकलिनला;
खातुना थेस्सालोनिकीला,
दुसऱ्याच कुणाच्या आईचं अंग पुसत;
आणि धाकटा रेवाझ बातुमीत, तापाने फणफणलेला,
पण येतो म्हणाला.

झाझाने सगळ्यांना एकेक हेडसेट पाठवला.
आमचा कस्टममध्ये नऊ दिवस अडकला.
खोली निवडायला गेलो, तर त्यात होती
एक बोट, एक समुद्रकिनारा,
आणि बर्फातलं एक लाकडी घर.
शोकासाठी खोली नव्हती.
आम्ही बर्फ घेतला.

काकाने काळी टोपी काढली,
तो डबा डोळ्यांवर चढवला,
वरून टोपी पुन्हा नीट बसवली.
"अरे, हे तर सगळे अर्धेच आलेत."
कमरेखाली कुणालाच काही नव्हतं.
भुताचे पाय उलटे असतात म्हणतात;
आमच्या पाहुण्यांनी ती कटकटच ठेवली नव्हती.

माझं काम साधं: काकाचं कोपर धरायचं,
शेगडीला लागू द्यायचं नाही.
मला दिसत होता फक्त एक म्हातारा,
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वाकून विचारणारा,
"पोरी, किती गं वाळलीस?"
खातुनाचा चेहरा तर यंत्रातून तयार मिळतो तसला होता,
गुळगुळीत, विशीतला.
वाळला होता तो आवाज.

काका आमच्या भागातला जुना तमादा.
कुणासाठी पेला उचलायचा, कधी, किती बोलून,
हे तोच सांगणार, लग्न असो की मयत.
त्या दिवशी तो थोडंच बोलला:
तिला मीठ कधी नीट पडलं नाही,
आणि घरात कुणी कधी तसं म्हटलं नाही.
शोकाच्या पंगतीत आम्ही पेल्याला पेला लावत नाही,
त्यामुळे किणकिण झाली नाही
याचं कुणाला काही वाटलं नाही.
यंत्राला जे जमत नव्हतं,
तेच नेमकं रीतीला नको होतं.

मग गेलेल्यांसाठी पावावर वाइन सांडायची वेळ आली.
काका हात फिरवत पाव शोधू लागला
त्या बर्फातल्या टेबलावर,
जिथे कुणी पाव ठेवलेलाच नव्हता.
खरा पाव त्याच्या डावीकडे, वीतभर लांब.
पेला कलला.
मी ताटली सरकवली त्याच्या हाताखाली.
पहिले थेंब गालिच्यावर,
बाकीचे बरोबर.

"देव तिला क्षमा करो,"
तीन गावांतून तीन आवाज,
एकामागोमाग, अडखळत,
दोरावरून खेचत आणल्यासारखे.

काकाने डबा उतरवला तेव्हा आतला स्पंज भिजला होता.
"घाम फार येतो यात," तो म्हणाला,
आणि बूट न काढताच आडवा झाला.

बंद करण्यापूर्वी मी तो चढवून पाहिला.
खिडकीबाहेर बर्फ पडत होता, न थकता.
खुर्च्या रिकाम्या.
एकीवर मात्र खातुना होती,
मान टेबलात अर्धी रुतलेली;
हेडसेट तिकडे कुठेतरी पालथा पडला असणार, चालूच.

नळ वाहत होता. भांड्यावर भांडं.
मग कुणी म्हातारी ग्रीकमध्ये
काहीतरी मागू लागली, पुन्हा पुन्हा तेच,
आणि नळ थांबला,
आणि खातुना आमच्या भाषेत म्हणाली,
"आले, आई."

बॅटरी अकरा टक्के होती.
मी काकूच्या जागेवर बसले.